गोमटेशनं काट्याचा संगणक हलका केला

निपाणीहून संकेश्वरकडं जाताना हायवेच्या डाव्या अंगाला भुजबली आप्पांचा वजनकाटा आहे. उसाची गाडी कारखान्याला जाण्याआधी बाहेरच्या काट्यावर तोलून घ्यायची, ही इकडची रीत. का, ते कुणी विचारत नाही नि कुणी सांगत नाही. गोमटेश हा आप्पांचा थोरला मुलगा. त्याची हकीकत सांगायची ती एवढ्यासाठी, की गावात त्याच्याविषयी फार आदर आहे, आणि आदर कशापासून तयार होतो हे दाखवणारा इतका स्वच्छ नमुना सहसा मिळत नाही.

बेळगावात इंजिनिअरिंग आणि बेंगळुरात थोडी नोकरी करून तो परत आला. का आलास म्हणून विचारलं, की म्हणे, "तिथं सगळी तयार मालावर काम करत्यात." कंपनीचं म्हणणं काय होतं, ते कुणी विचारायला गेलं नाही.

तयार मालावर त्याचा भारी राग. काट्यावरच्या संगणकात त्यानं लिनक्स घातलं होतं. ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम; तिच्या गाभ्याला कर्नेल म्हणतात. कीबोर्ड, डिस्क, प्रिंटर, तारा, यंत्राच्या प्रत्येक अवयवाशी बोलणं हे कर्नेलचं काम. तो तयार मिळतो, मुकाट चालतो, आणि जगातले बहुतेक लोक त्याचं नाव न घेता सुखानं मरतात. गोमटेशला त्यात कमीपणा वाटे. तो कर्नेलचा सोर्स, म्हणजे मूळ मजकूर, उतरवून घेई, त्यातलं काय ठेवायचं नि काय गाळायचं ते स्वतः ठरवी, आणि मग आपल्या लॅपटॉपकडून तो तासन्‌तास शिजवून, म्हणजे यंत्राला चालवता येईल असा करून, घेई. शिजून झाला की लॅपटॉप पूर्वी जे करत असे तेच करी. कधीकधी तेवढंही करत नसे.

यंदाच्या चातुर्मासात गावात मुनिमहाराज होते. जैनांच्या पर्युषण पर्वात घरोघरी लोकांनी नियम घेतले. गोमटेशच्या आजीनं, धोंडूबाईंनी, हिरवी भाजी सोडली. कुणी मीठ सोडलं, कुणी पायताण. गोमटेशनं नियम घेतला, की अनावश्यक ते बाळगणार नाही. मग त्यानं घरी येऊन आपल्या वस्तूंवरून नजर फिरवली. दोन्ही फोन आवश्यक निघाले, मोटरसायकल तर निघालीच. त्याग करण्याजोगं काही सापडेना, तेव्हा त्याची नजर काट्यावरच्या संगणकाकडं वळली. धोंडूबाई सोडतात तेव्हा उपास धोंडूबाईंना घडतो. गोमटेशनं सोडलेलं दुसऱ्यांना घडायचं होतं.

हे दुसरे म्हणजे मुख्यतः दीप्ती, त्याची धाकटी बहीण. बी.कॉम. झाल्यापासून काट्याची केबिन तीच सांभाळत होती, पण तिच्या नावावर त्यातलं काहीच नव्हतं. उसाच्या सीझनच्या तोंडावर तिनं आप्पांकडून शब्द घेतला होता. आप्पा म्हणाले होते, "यंदाचा सीझन तू बघ. एक बी तक्रार आली न्हाय, तर काटा तुझ्या नावानं चालू दे. लग्नाचं मग तुझ्या कलानं." आप्पांच्या तोंडून असं वाक्य निघणं हे आक्रीतच होतं. ते वाक्य परत आत जाण्याआधी सीझन पार पाडायचा, एवढंच दीप्तीला करायचं होतं.

सीझन सुरू व्हायच्या आदल्या दिवशी ती केबिनमध्ये आली, तर गोमटेश खुर्चीत.

"काय करालायस अण्णा?"

"नवीन कर्नेल आलाय. अपग्रेड करालोय."

"उद्या गाड्या यायला लागणार हाईत. आज चालतंय त्येला हात कशाला लावालायस?"

"चालतंय म्हणजे काय गं? आत किती कचरा भरलाय तुला ठाऊक हाय? जगातल्या समद्या यंत्रांची सोय करून ठेवलीय. आपल्याला काय करायची?"

कर्नेल तयार करताना हजारो बाबी एकेक करून समोर येतात, आणि प्रत्येकीला तीन उत्तरं देता येतात: हवं, नको, किंवा लागेल तेव्हा बोलावू. तिसरं उत्तर गोमटेशसारख्यांसाठीच करून ठेवलेलं असावं. गोमटेशला ते भित्रेपणाचं वाटे. तो नको, नको करत चालला. ब्लूटूथ गेलं, कॅमेरा गेला, आवाज गेला. मग सीरियल पोर्ट आला. म्हणजे स्क्रूनं आवळायच्या जुन्या धाटणीच्या तारेची खाच. नव्या संगणकांना तिची जागाच नसते. "असली तार आता कोण वापरतंय?" असं म्हणून त्यानं तीही सोडली. टेबलामागं वाकून पाहिलं असतं, तर काट्याचा आकडा दाखवणाऱ्या डब्यातून संगणकात येणारी तार नेमकी तीच आहे, हे दिसलं असतं. पण वाकून पाहणं तयार मालवाल्यांचं काम.

मग मजकूर शिजायला लागला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं सरसर धावू लागली. सूर्यास्ताआधी जेवायला बोलवायला आप्पा स्वतः आले, ते पडद्यापुढं हात जोडावेत तसे उभे राहिले. शेजारच्या खतवाल्या आण्णाप्पांनाही त्यांनी हाक मारून आणलं. "बघा, इंग्लिश कसं धावालंय! समदं ह्येनं लिवलंय." गोमटेशनं त्यांचा गैरसमज दूर केला नाही. जेवून येऊन त्यानं नवा कर्नेल बसवला आणि जुना पुसला. नवा बिघडला तर असू दे म्हणून जुना ठेवायचा असतो, हे त्याला ठाऊक होतं. पण दोन-दोन कर्नेल बाळगणं नियमात बसत नव्हतं.

सकाळी पहिला ट्रॅक्टर महादेवचा आला. काट्याच्या डब्यावर लाल आकडे उमटले. संगणकावर वजनाच्या जागी शून्य.

"अण्णा, काल काय काय काढलंस?"

"जे काढलं ते नकोच हुतं."

"मग वजन कुठं गेलं?"

"तार खराब असंल."

तार काढून पुसून लावली. डबा बंद करून चालू केला. मागं गाड्या साचत गेल्या. दीप्तीनं डब्यावरचा आकडा पाहून हातानं पावती लिहून दिली. महादेवनं ती उलटीसुलटी पाहिली.

"ही कसली पावती आक्का? छापलेली दे की."

"डब्यावर बघ की, हाच आकडा हाय."

"डबा मी संगं न्हेणार हाय व्हय? कारखान्यात हे दावलं तर हसतील मला. लिवायला मला बी येतंय."

तो निघून पुढच्या काट्यावर गेला. त्याच्यामागच्या दोघा-चौघांनी तोललं, पण हातची पावती कुणी नेली नाही; बाकीच्यांनी तोलूनही पाहिलं नाही.

दुपारपर्यंत गोमटेशच्या ध्यानात आलं, की सीरियल पोर्ट परत घालावा लागणार. चूक झाली असं तो म्हणाला नाही. "ह्या काट्याचं हार्डवेअर मागास हाय" असं म्हणाला. पोर्ट घालायला बसलाच आहे तर आणखी थोडं हलकं करावं, म्हणून त्यानं डिस्क वाचायच्या सोयींपैकी एक जास्तीची वाटली तीही सोडली. पुन्हा अक्षरं धावली. पुन्हा आधीचा कर्नेल पुसला. संगणक सुरू झाला, आपली डिस्क शोधू लागला, ती त्याला सापडेना, आणि चार ओळी इंग्रजीत आक्रोश करून तो गप्प झाला. आता सोडण्यासारखं त्याच्यात खरोखरच काही उरलं नव्हतं.

आप्पा आले तेव्हा रस्ता मोकळा होता. केबिनमध्ये दीप्ती हातानं लिहिलेल्या, कुणी न नेलेल्या पावत्या घेऊन बसली होती, आणि गोमटेश लॅपटॉप उघडून पुन्हा काही शिजवत होता. अक्षरं धावत होती.

"काय झालं गं?"

"अण्णानं संगणक बंद पाडला."

"बंद पडलाय म्हणून तर त्यो दुरुस्त करालाय न्हवं? दिवसभर बसलाय बिचारा. आन् तू काय करालीस? चिठ्ठ्या लिवालीस?"

"आप्पा, काल चालत हुता. त्यानं हात लावला म्हणून…"

"यंत्र हाय, बिघडणारच. बिघडल्यावर आतलं कळणारा माणूस लागतोय. तुला आतलं काय कळतंय, सांग बघू?"

दीप्तीनं गोमटेशकडं पाहिलं. त्यानं पडद्यावरून नजर काढली नाही. त्याच्या आयुष्यातला खरा कसोटीचा क्षण हाच होता, आणि त्यानं तोही अनावश्यक ठरवला.

दुसऱ्या दिवशी निपाणीच्या दुकानातून एक माणूस आला, त्यानं चहा थंड व्हायच्या आत तयार माल भरला, तार जोडली, आणि पावत्या छापून येऊ लागल्या. तो गेल्यावर गोमटेश खुर्चीत बसला. अजून तोच बसतो. गाड्या परत आल्या आहेत. आत काय घातलंय म्हणून कुणी विचारलं, की तो म्हणतो, "सांगून कळायचं न्हाय." लोकांना ते पटतं.

दिवाळीनंतर आप्पांनी स्थळांना पाठवायला दीप्तीची माहिती तयार केली. शिक्षण, उंची, स्वयंपाक असं लिहीत ते संगणकाच्या ओळीशी थांबले, थोडा विचार केला, आणि लिहिलं: जेमतेम.

दीप्तीनं ते वाचलं. "बरोबर हाय," म्हणाली, आणि केबिनची किल्ली गोमटेशच्या ताटाशेजारी ठेवून उठून गेली.