पहिल्या पंगतीतली मुलगी

नोआ आणि तारा, तुमची ही आजी एकटी प्रवासाला निघते म्हटले की तुमची आई आडवी येते. म्हणून या वेळी एसटी स्वारगेटहून हलल्यावरच तिला फोन केला. मग तिला रागावण्याखेरीज काही करता आले नाही. शुक्रवारची सकाळ होती, मला खिडकीची जागा मिळाली होती, आणि पर्समध्ये पत्त्याची चिठ्ठी होती, मोठ्या अक्षरात, खाणाखुणांसह लिहिलेली.

कोल्हापूरला का चालले होते ते आधी सांगते. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी सुनीता तिथे राहते. बहीण आता नाही, म्हणून सुनीता मलाच आईच्या जागी मानते. तिला आणि विनयला लग्नानंतर अकरा वर्षे मूल नव्हते. चार महिन्यांपूर्वी एका बालगृहातून सात वर्षांची गौरी त्यांच्या घरी आली. दत्तकाचा हुकूम गेल्या महिन्यात हातात पडला आणि रविवारी चर्चमध्ये तिचा बाप्तिस्मा ठरला. सुनीता फोनवर म्हणाली, "मावशी, तू आली न्हाईस तर मी पाळकांना तारीख बदलायला सांगीन." अशा धमकीपुढे गुडघेदुखी काय करणार?

कराड ओलांडल्यावर दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. कारखाने सुरू झाले होते. उसाने भरलेल्या ट्रॅक्टरमागे आमची गाडी मैलच्या मैल रांगत होती आणि हवेत मळीचा तो आंबूस वास होता. पहिल्यांदा नाक मुरडावेसे वाटते, तासाभराने त्याचा विसर पडतो.

कोल्हापूरच्या स्टँडवर उतरताच एक रिक्षावाला पुढे आला. "कुठं जायाचं पावणं?" इथे परक्या माणसाला पावणं (पाहुणे) म्हणतात, मग तो कुणाकडे पाहुणा आलेला असो वा नसो. मी चिठ्ठी दिली. कळंबा, कारागृहाच्या अलीकडे, अमुक गल्ली. त्याने ती वाचली, माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिले आणि वाटेत एक शब्द बोलला नाही. मला तो फार सभ्य वाटला. त्याने रिक्षा थांबवली ती थेट तुरुंगाच्या दरवाजासमोर.

"जावा मावशी, भेटीची येळ संपत आली आसंल."

"कुणाची भेट?"

"तुमच्या पोराची की."

"मला मुलगा नाही हो."

त्याने आरशातून मला निरखले. "मग जावाई? जावयाचं तोंड बघायला एवढ्या लांबनं आलासा?"

हे तुमच्या बाबांना जरूर वाचून दाखवा.

सुनीताच्या दारात गौरी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. बारीक, सावळी, दोन घट्ट वेण्या. माझ्या पाया पडली आणि लगेच कोपऱ्यातल्या खुर्चीत गुडघे जुळवून बसली. बाहेरच्या खोलीत दोन ताटे मांडली होती, एक माझे, एक तिचे. तुम्हाला ठाऊक नसेल, पण कोल्हापूरकर पाहुण्याला आधी जेवू घालतात आणि स्वतः मागून बसतात. सुनीता वाढत होती, विनय पळी घेऊन उभा. तो कागलच्या एमआयडीसीत फाउंड्रीत, लोखंड वितळवून ओतायच्या कारखान्यात, काम करतो. एवढा आडदांड माणूस, पण पांढरा रस्सा (नारळाच्या दुधातला मटणाचा रस्सा) गौरीच्या वाटीत घालताना हात जपून धरत होता.

"घे गं बाळा, लाजू नको. आणखी एक वाटी?" सुनीताने विचारले.

"बास काकी," गौरी म्हणाली. ती सुनीताला अजून काकीच म्हणत होती. जेवण झाल्यावर तिने ताट उचलायला हात घातला, तर सुनीता धावत आली. "ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे. तू कशाला?" शिस्तीत वाढलेली तुमची आजी, मीसुद्धा म्हणाले, "बस गं, दमली असशील."

रात्रीची भांडी घासताना सुनीताने मला मनातले सांगितले. दाराशी माझ्या बॅगेशेजारी एक निळी बॅग होती, ती मी पाहिलीच होती. गौरीने बालगृहातून येताना आणलेली ती बॅग. सुनीताने तिच्यासाठी नवे कपाट केले, खालच्या कप्प्यांना फुलाफुलांचा कागद लावला. पण गौरी वाळलेले कपडे घडी करून पुन्हा त्या बॅगेतच ठेवते आणि चेन लावते.

"चार महिने झालं मावशी. कपाट रिकामंच हाय. माझं काय चुकतंय? आवाज चढवला न्हाय कधी तिच्यावर. बालवाडीत तीस पोरांना ओरडते, पण हिला न्हाय. तिला कुठं कमी पडायला नको म्हणून किती जपतीया मी."

मी घासलेली ताटे पुसत राहिले. दत्तक मुलगी म्हणजे पोटची मुलगी, असे हुकुमात लिहिले होते. ज्या मुलीसाठी ते लिहिले होते तिला ते ठाऊक नव्हते.

शनिवारी सकाळी मी आणि गौरी कळंबा तलावावर फिरायला गेलो. पाण्यावर धुके होते. एक म्हातारबाबा काठावर म्हशी धूत होता आणि प्रत्येकीशी वेगळे भांडत होता. मी दगडावर टेकले. माझी चप्पल चिखलात रुतली होती, ती गौरीने ओढून काढली, गवताने पुसली आणि माझ्या पायाशी ठेवली. मग तिने विचारले, "आज्जी, तुमी कवा जाणार?"

"सोमवारी सकाळच्या गाडीने."

तिने चिखलाचे हात गवताला पुसले. "मग मी बी सोमवारीच जाणार व्हय?"

"तू कुठे जाणार?"

"काय म्हाईत. पन आपन दोघी पावण्याच की. काकी आपल्याला आदी वाढत्यात. ताट उचलू देत न्हाईत. काम सांगत न्हाईत." ती हे तक्रार म्हणून सांगत नव्हती. पाहिलेले सांगत होती. "चांगल्या हायत काकी. लई."

मी शिक्षिकेसारखे सगळे नीट समजावले. तू पाहुणी नाहीस, मुलगी आहेस, सरकारी कागद आला आहे, उद्या बाप्तिस्मा आहे. तिने मान डोलावली. फळ्यावरचे गणित न कळताही मुले डोलावतात ना, तशी.

दुपारी शेजारच्या मुमताजचाची गौरीचा पांढरा फ्रॉक घेऊन आल्या. त्या शिवणकाम करतात आणि बोलतात सुईसारखे. मी तलावावरची गोष्ट सुनीताला आणि त्यांना सांगितली. चाचींनी तोंडातली टाचणी काढली.

"पोरीला काम सांगत न्हाईस व्हय?"

"चाची, आत्ता कुठं आलीया ती."

"माझी सून आली तवा तिसऱ्या दिवशी तिच्या हातात परात दिली मी. रडली. चौथ्या दिवशी मला उलटं बोलली. मी म्हटलं, चला, घरची झाली." त्यांनी फ्रॉकची बाही उलटून पाहिली. "तू लेकराला पावणी करून ठेवलीस. पावण्यांचं समदं चांगलं आसतं बाई, पन त्यांस्नी जावं लागतं की."

सुनीता म्हणाली, "मला न्हाय ओरडता येणार तिला." चाची म्हणाल्या, "ठरवून ओरडायचं नसतंच. ते आपोआप येतं."

रविवारी ते आपोआप आले. चर्चला निघायची घाई होती. सुनीता नव्या साडीत, पदराला पिन लावत. ओट्याच्या कडेला खिरीसाठी दुधाचे पातेले होते. गौरी पाणी प्यायला गेली, तिचा कोपर लागला आणि पातेले फरशीवर. दूध थेट दारापर्यंत गेले.

"गौरे, डोळं कुठं हायत तुझं? समदं दूध सांडलंस. उभी काय ऱ्हायलीस, फडकं घे."

सुनीताने तोंडावर हात ठेवला. गौरी तिच्याकडे पाहत उभी राहिली, इतका वेळ, की मला वाटले आता ही बॅग उचलणार. तिने ओट्याखालचे फडके घेतले, उकिडवी बसली आणि पुसू लागली.

"मोरीत पिळू का बादलीत?" तिने विचारले.

"मोरीत," सुनीता म्हणाली. "आणि फ्रॉक वर धर."

तिने धरला. तरी किनार ओली झालीच.

चर्चमध्ये पाळकांनी विचारले, "हे मूल कोणाचे?" विनयचा आवाज फाउंड्रीतल्यासारखा सगळीकडे घुमला, "आमचं." पाळक तरुण आहेत, बोलले थोडेच. देवाने आपल्याला पाहुणचाराला बोलावलेले नाही, घरात घेतले आहे, असे ते म्हणाले. मी हे लहानपणापासून ऐकत आले आहे. पण त्या दिवशी माझ्या पुढच्या बाकावर दुधाचा वास येणारा एक फ्रॉक होता.

दुपारी घरी पंगत बसली. पहिल्या पंगतीत पाळक, त्यांच्या पत्नी, मुमताजचाची आणि मी. माझ्या शेजारी गौरीचे ताट मांडले होते. ती तिथे आली, ताट उचलले आणि स्वयंपाकघराकडे निघाली.

"अगं, बस की," विनय म्हणाला.

"मी मागनं बसणार."

"का?"

"आईसंगं," ती म्हणाली आणि आत गेली.

विनय पळी धरून उभाच राहिला. रस्सा सतरंजीवर ठिबकत होता, आणि पाळकांनी आपली वाटी हळूच पळीखाली सरकवली. मुमताजचाची ताटात बघून भाकरी मोडत राहिल्या. थोड्या वेळाने गौरी मीठ घेऊन बाहेर आली आणि पंगतीवरून फिरली. माझ्यापाशी थांबून म्हणाली, "घ्या की आज्जी, लाजू नगा."

पाहुणे गेल्यावर ते तिघे स्वयंपाकघरात जेवले, उरलेले, पातेल्याच्या तळाचे. भाताच्या खरवडीवरून (तळाला लागलेला करपट भात) गौरी आणि विनयचे भांडण झाले, ते मला बाहेर ऐकू येत होते. खरवड तिने जिंकली.

संध्याकाळी तिने निळ्या बॅगेतून एक फ्रॉक काढून कपाटात ठेवला. एकच. बाकीचे बॅगेतच राहिले. सुनीताचा चेहरा उतरला. विनय पायरीवर बसला होता, तो शांतपणे म्हणाला, "राहू दे. कागद आला त्या दिवशीच ती आमची झाली. तिला कळायला येळ लागंल. तवर कागदावरलं काय पुसलं जात न्हाय."

तो हे बायकोला सांगत होता, पण मी ते माझ्यासाठीही ठेवून घेतले.

सोमवारी परतीच्या गाडीत मी रोजच्यासारखी प्रार्थनेला डोळे मिटले. तुम्हाला माझ्या प्रार्थना माहीत आहेत, त्यांना क्रम असतो. आधी चुकांची माफी, मग आभार, मग एकेकाचे नाव, आणि मागणे अगदी शेवटी, तेही संकोचाने, कारण कुणाकडे गेल्यावर जास्त मागू नये असे मला शिकवले आहे. पंचाहत्तर वर्षे मी देवाच्या घरी अशीच बसले आहे, गुडघे जुळवून, आपली वेळ कधी संपते याची वाट पाहत. त्याने कधी मला जायला सांगितले नव्हते. मी पाहुणी आहे, हा विचार माझाच होता. आणि मी तसा विचार करत होते तेव्हाही मी त्याचीच होते, हे मला कोल्हापूरच्या एका फाउंड्रीवाल्याकडून ऐकावे लागले.

त्या दिवशी मी देवाला फक्त "बाबा" म्हणाले. पुढचे शब्द येण्याआधीच मला झोप लागली. साताऱ्याला कंडक्टरने खांदा हलवला, "मावशी, चहाला थांबलीया गाडी." प्रार्थना अर्धीच राहिली होती. नोआ, तारा, मला त्याचे जराही वाईट वाटले नाही. मी उतरले आणि चहा प्यायले.