चार ओळींची पाटी

मी हळद चमच्यानेच घेते. डब्यात बोटं घालत नाही. सुनेला हे माझे नखरे वाटतात आणि ती तसं तोंडावर सांगतेही. सांगू दे. बोटांना पिवळं लागलेलं मला बघवत नाही, हे तिला समजवायचं तर पार पनवेलच्या त्या शेडपासून सुरुवात करावी लागेल, आणि फोडणी जळत असताना तेवढा दम माझ्यात नसतो.

साठ सालानंतरची गोष्ट. आमचं घर इस्रायल आळीत. मी मॅट्रिक झाले होते, टायपिंग येत होतं, आणि गावाबाहेरच्या एका शेडमध्ये मला नोकरी लागली. पत्रव्यवहार मीच बघायचा आणि स्टोअरही मीच. विजेच्या यंत्रांना लागणारे भाग तिथे साच्यात ओतून बनवत. मालक गोड बोलणारा माणूस. आम्ही ज्यू, शनिवार पाळणारे, शनिवारी काम करत नाही, हे मी पहिल्याच दिवशी चाचरत सांगितलं, तर म्हणाला, "मग रविवारी या, त्यात काय एवढं!" असं म्हणणारा दुसरा मालक मला शोधूनही सापडला नसता. वडिलांनी घरी बसून त्याला तोंडभर आशीर्वाद दिले.

साच्यात ओतायचं ते रेझिन काकवीसारखं दाट आणि चिकट असायचं. नुसतं ठेवलं तर महिनोन्‌महिने तसंच राहायचं. त्यात हार्डनर, म्हणजे ते घट्ट करणारं रसायन, घालून तापवलं की दगड व्हायचा. मग ते उकळत्या पाण्यालाही दाद देत नसे आणि कुणाला अपायही करत नसे. अपाय होता तो त्याआधी, हार्डनरमध्ये. पिवळट पापुद्रे, ड्रम उघडला की किंचित मासळीसारखा वास, आणि हवा लागली की रंग काळवंडायचा. आम्ही त्याला नुसतं 'पिवळं' म्हणायचो.

ते मोजून द्यायचं काम मावशीकडे होतं. डोंगराखालच्या वाडीतली कातकरी बाई, चाळिशीची, रोजावर यायची. सगळेच तिला मावशी म्हणत. ती पिवळं मुठीने उचलून काट्यावर टाकायची, आणि वजन बहुतेक वेळा पहिल्या मुठीतच बरोबर यायचं. आधी तिचे तळवे पिवळे झाले, मग रंग कोपरापर्यंत चढला. लोक चेष्टा करायचे, "मावशी, हळद लागली की! लग्न कधी?" ती म्हणायची, "नवरा तर बगा आदी." मीही हसायचे.

एकदा नव्या ड्रमांवर लांबलचक इंग्रजी लेबल आलं. मालक म्हणाला, याची मराठी पाटी करा. मी डिक्शनरी घेऊन बसले आणि पाच ओळी तयार केल्या. खाऊ नये. वाफ नाकात जाऊ देऊ नये. काम झाल्यावर हात स्वच्छ धुवावे. जेवणाचा डबा जवळ ठेवू नये. आणि पाचवी: हे कातडीतून शरीरात शिरते व यकृत बिघडवते, हातमोज्यांशिवाय हात लावू नये.

मालकाने कागद वाचला आणि पाचव्या ओळीवर पेन्सिल फिरवली. रागावला नाही. "अहो, हे वाचून उद्या कामाला कोण येईल? आणि हातमोजे आणू कुठून?" मग हसून म्हणाला, "तुमच्या शनिवाराबद्दल मी कधी काही बोललो का?" मी कागद उचलला आणि पाटीवर चार ओळी रंगवल्या. अक्षर सुरेख आलंय, असं सगळे म्हणाले.

मावशीला वाचता येत नव्हतं. तिने मला पाटीखाली उभं करून दोनदा वाचून घेतलं आणि शब्दन्‌शब्द पाळायला लागली. नाकातोंडाला पदर, डबा पार बाहेर झाडाखाली. हात धुण्याची तर तिने शर्थ केली. पाण्याने पिवळं निघेना, राखेने निघेना, तेव्हा साचे पुसायचं थिनर तिने हाताला चोळायला घेतलं. दिवसातून तीन-तीनदा, कातडी सोलवटेपर्यंत. मग मला तळवे दाखवायची, "बग बाय, तू लिवलंस तसं." थिनरने कातडीचं तेल जातं आणि विषाला वाट मोकळी होते, हे मला पुढे कळलं. पण ते कातडीतून शिरतं, हे तर तेव्हाच ठाऊक होतं. मी म्हणाले, "छान." देवा, मी छान म्हणाले!

उन्हाळ्यात तिचे डोळे पिवळे झाले. अन्न पोटात ठरेना, अंगभर खाज. कावीळ म्हटली की आमच्याकडे सुकापूरच्या एका म्हातारीकडे जायचं. माझ्या भावाची तिनेच उतरवली होती. म्हणून रविवारपासून रोज, सुटल्यावर, मी मावशीला टांग्यात घालून तिच्याकडे नेलं. म्हातारी आजाऱ्याच्या हातांना चुना चोळून त्यांवरून परातीत पाणी ओतायची. पाणी पिवळं व्हायचं, रोज थोडं फिकं होत जायचं, आणि नितळ आलं की कावीळ उतरली असं समजायचं. पहिल्या दिवशी मावशीचं पाणी पिवळंधमक झालं तेव्हा मला काय बरं वाटलं! निघतंय सगळं, असं मी तिला म्हटलं. दुसऱ्या दिवशी पाणी तसंच. तिसऱ्या दिवशीही तसंच. पाचव्या दिवशी म्हातारीने तिचा तळवा हुंगला आणि माझ्याकडे बघितलं. मावशीकडे नाही, माझ्याकडे.

"ह्ये आतनं येत नाय. ह्ये बाहेरनं आत गेलंय. कशाला हात लावते ही?"

तिला नुसत्या वासावरून जे कळलं, ते मला छापील मिळालं होतं. मी म्हणाले, "कारखान्यात काहीतरी असतं. मला नक्की माहीत नाही."

त्यानंतर मावशी कामावर आली नाही. आठवड्याने दुपारची मी तिच्या वाडीवर गेले. ती झोपडीत जमिनीवर पडली होती, पोट फुगलेलं, पिवळे हात छातीवर. मला बघून म्हणाली, "बाय, पाटी वाच."

"इथे कुठली पाटी, मावशी?"

"तुला पाठ असंल ना. तूच लिवली."

मी म्हणायला लागले. प्रत्येक ओळीला ती एक बोट मिटत गेली, करंगळीपासून. "खाल्लं नाय." "पदर बांदला व्हता." "हात धुतलं, लई धुतलं." "डबा झाडाखाली." चार बोटं मिटली, अंगठा तेवढा उभा राहिला. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"आनखी काय नाय ना पाटीवर?"

"पाटीवर नाही," मी म्हणाले.

"मंग माजं काय चुकलं नाय."

"नाही मावशी. तुझं काही चुकलं नाही."

तिने अंगठाही मिटला आणि डोळे मिटून घेतले. शनिवारी ती गेली. मला ते रविवारी कळलं, कारण शनिवारी माझी सुट्टी होती.