चार रिकाम्या चौकटी

माझी आत्या वेधशाळेत ऊन मोजायची. हसू नका. आमचे सगळे नातेवाईक हसून झालेत. ऊन काय पळून चाललंय का, म्हणत सगळ्यांनी तिची टर उडवली आणि तिने एकालाही भीक घातली नाही.

गच्चीवर तिची दोन यंत्रं होती, दोन्हींवर मोठ्या लिंबाएवढा काचेचा घुमट. एक सगळं ऊन मोजायचं. दुसऱ्याच्या वर, सूर्याच्या वाटेत आडवं, धातूचं कडं बसवलेलं. त्याची सावली दिवसभर घुमटावर पडायची, म्हणून त्या यंत्राला सूर्य दिसायचाच नाही; नुसता आभाळाचा उजेड मोजला जायचा. सूर्याची वाट रोज थोडी सरकते, तेव्हा कडंही रोजच हाताने सरकवायचं. आत्याने हे एकोणीस वर्षं केलं. रजा म्हणून नाही.

रजा घेतली ती माझ्या लग्नाला. चार दिवस. जाताना बदलीवरच्या माणसाला काच कशी पुसायची, आकडे कुठे उतरवायचे, सगळं बजावलं. कड्याचं मात्र घाईत सांगायचं राहिलं. परत येऊन बघते तर काय, सावली घसरलेली आणि घुमटावर लख्ख ऊन. चार दिवसांचे आकडे मातीमोल.

कोणाच्या बापाला कळलं नसतं. त्यात विसावं वर्ष चालू होतं; वीस वर्षांच्या अखंड नोंदींसाठी वेधशाळेचा सन्मान व्हायचा होता आणि आत्याची बढती त्यावरच टांगलेली. साहेबांनी आधी गोड बोलून सांगितलं, की मागच्यापुढच्या दिवसांची सरासरी काढा आणि टाका भरून, त्यात काय एवढं. मग बढती विसरा म्हणून दमही दिला.

“सूर्य सरासरी काढून उगवत नाही, साहेब,” आत्या म्हणाली. “भरायचंच तर तुम्ही भरा आणि खाली सही तुमची करा.”

साहेबांची सही काही झाली नाही. वहीतल्या त्या चार दिवसांच्या चौकटी रिकाम्याच गेल्या. शेऱ्यात आत्याने लिहिलं, ‘कडे सरकवले नाही. चूक माझी.’ बदलीवाल्याचा उल्लेखसुद्धा नाही. सन्मान गेला, बढती गेली, घरात सगळ्यांनी कपाळाला हात लावला. बाई दुसऱ्या दिवशी मान ताठ ठेवून गच्चीवर हजर.

मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. तडक गच्ची गाठली आणि वर तिच्यावरच भडकले. चार आकड्यांपायी एवढं घालवायचं? माझ्या लग्नाला आलीस हाच गुन्हा झाला का?

ती काच पुसत होती. फडकं खिशात घालून तिने वही उघडली आणि त्या चार चौकटींवर बोट ठेवलं.

“हे चार दिवस मी इथे नव्हते गं. तुझ्याजवळ होते. तिथे मी खोटं लिहू होय?”

मी रडले. तिने थोडा वेळ रडू दिलं, मग हाताला धरून कड्यापाशी नेलं आणि म्हणाली, सरकव. मी सरकवलं, तर म्हणे जास्त झालं, मागे घे.