कावळ्याचा पाव

कसबा पेठेत आमच्या घराचा पत्ता सांगताना लोक माझं नाव घेत नसत, भट्टी सांगत. भट्टीवाल्या फिरंग्याच्या अलीकडे, नाहीतर पलीकडे. मी फिरंगी नव्हतो. आजोबा गोव्याहून आले, वडील सरकारच्या तोफखान्यात होते, आणि मी दफ्तरात बसून पोर्तुगीज पत्रांचा मराठी तर्जुमा करत होतो. पण आम्ही रविवारी प्रार्थनेला जात होतो आणि पाव खात होतो. पेठेला एवढा पुरावा पुरेसा होता.

भट्टी माझ्या बायकोची. परसातल्या मातीने तिने ती स्वतः लिंपली होती. गोव्यात पीठ माडीने, म्हणजे माडाच्या दारूने, फुगवतात. पुण्यात माडी शोधत फिरणं म्हणजे कोतवालाला घरी जेवायला बोलावणं, म्हणून ती मनुका भिजवून त्या आंबलेल्या पाण्यात पीठ मळायची. भट्टीत घालण्याआधी प्रत्येक पावावर सुरीने क्रूस काढायची आणि काहीतरी पुटपुटायची. काय म्हणतेस, असं मी एकदा विचारलं. म्हणाली, "तुमच्यासाठी नाही, पिठासाठी आहे." माझ्यावर तिने प्रार्थना वाया घालवणं केव्हाच सोडलं होतं.

भट्टीच्या मागे तिची बाग. मेथी, वांगी, दवणा, आणि भिंतीलगत मोगऱ्याची रांग. बागेला पाणी शेजारच्या शास्त्रीबुवांच्या विहिरीचं. त्यांचा माळी मोट हाकायचा, त्यातलं थोडं पाणी भिंतीतल्या पन्हळीतून आमच्याकडे पडायचं. आम्ही विहिरीला शिवायचं नाही असा करार होता. पाणी आम्हाला शिवायला मोकळं होतं.

शास्त्रीबुवा म्हणजे पेठेतलं शेवटचं न्यायालय. कुणाचं काय विटाळलं, ते कशाने शुद्ध होईल, हे त्यांनी ठरवायचं. ते गल्लीतून चालले की लोक भिंतीला चिकटत, आणि ते भिंत सोडून चालत, कारण भिंतीला आणखी कोण चिकटलं असेल याचा भरवसा नसे. माझी आणि त्यांची ओळख झाली ती पौर्णिमेमुळे. आमचा पास्काचा सण, म्हणजे प्रभू मेलेल्यांतून उठला तो रविवार, वसंतातल्या पौर्णिमेनंतर येतो. पाद्रीसाहेबांचं तिथी कळवणारं पत्र गोव्याहून निघून घाटात कुठेतरी विश्रांती घेत होतं. मी भिंतीवरून शास्त्रीबुवांना पौर्णिमा विचारली. त्यांनी घटका-पळांसकट सांगितली आणि फार समाधानाने म्हणाले, "म्हणजे तुमच्या देवालाही पंचांग लागतं तर."

त्यानंतर ते अधूनमधून भिंतीशी येऊ लागले. गणिताचं बोलत आणि नाकाने दुसरंच काही वाचत. एकदा सहज म्हणाले, गहू शुद्ध, गूळ शुद्ध, मनुका तर औषधी. मग भट्टीच्या धुराकडे बघत राहिले. सध्या आमचा उपासकाळ आहे, पावात अंडं नसतं, हेही माझ्या बायकोने सहजच सांगितलं.

पुढच्या शनिवारी तिने केळीच्या पानात एक पाव गुंडाळून भिंतीवर ठेवला. "कावळ्यांना," ती म्हणाली. थोड्या वेळाने पाव नव्हता. पान मात्र होतं, चार घड्या घालून, वर खडा ठेवलेलं. तिने मला ते दाखवलं. "अहो, आपल्याकडचा कावळा फार नेटका आहे." शनिवारमागून शनिवार कावळा जेवत राहिला.

त्या वर्षी वेदीवरची फुलं कुणी द्यायची यावरून आमच्या चार घरांच्या समाजात रणकंदन माजलं होतं. तोफखान्याच्या कप्तानसाहेबांना गोव्याहून सोनेरी कागदाची फुलं मागवायची होती. देवाला कागद देणं ही दफ्तराची खोड आहे, असं माझ्या बायकोचं मत. तिने वेदीभर मोगरा देण्याचा शब्द दिला होता. चैत्राच्या उन्हात मोगरा रोज दोन वेळा पाणी मागत होता, आणि ते पाणी त्या एका पन्हळीतून येत होतं.

सणाच्या आदल्या शनिवारी सकाळी भिंतीपलीकडून किंकाळी आली. शास्त्रीबुवांच्या थोरल्या विधवा बहिणीची, जिला सगळी पेठ आक्का म्हणे. आम्ही भिंतीशी धावलो; विहीर भिंतीला लागूनच, वरून आतलं पाणी दिसायचं. त्या दिवशी रोजच्यापेक्षा लवकर पाण्याला आलेल्या आक्का विहिरीच्या काठावर उभ्या होत्या आणि आत बोट दाखवत होत्या. दगड बुडतो, लोटा बुडतो. पाव बुडत नाही, निदान लगेच नाही. माझ्या बायकोचा पाव वर क्रूस मिरवत संथपणे गोल फिरत होता. एका बाजूने तो खाल्लेला होता.

आता हे समजायला हवं की फिरंग्याने विहिरीत पाव टाकला की ते पाणी प्यालेलं सगळं गाव बाटतं, असं तेव्हा जो तो मानत असे. गोव्याकडचं आमचं गाव असंच बाटलं म्हणतात. मी आजोबांना विचारलं होतं. ते म्हणाले, पाव नव्हता, बाटणाऱ्यांना सारामाफी होती. पण हे त्या सकाळी कुणाला सांगणार? गल्लीतली माणसं जमली. माळ्याने पाव बादलीने वर काढला आणि बादलीच हातातून टाकून दिली. आक्का म्हणाल्या, पन्हळ आजच बुजवा आणि यांना पेठेबाहेर काढा. माझी बायको मोगऱ्याकडे बघत होती.

शास्त्रीबुवांना बोलावणं गेलं. ते फार लांबून आले नाहीत. गोठ्याच्या आडूनच आले, चेहरा धर्मशास्त्रासारखा गंभीर. सगळे बाजूला सरले. त्यांनी खाली वाकून पाव निरखला, जणू असा पदार्थ जन्मात प्रथम पाहत होते. त्यांच्या उपरण्यावर, छातीच्या जरा खाली, एक मनुका चिकटलेली होती.

ती मी पाहिली. माझ्या बायकोने माझ्या आधी पाहिली होती. ती भिंतीवरून अगदी हळू आवाजात म्हणाली,

"शास्त्रीबुवा, कावळ्याने नेला असेल. आमच्याकडे एक येतो. फार सोवळा आहे हो, जेवून झालं की पानसुद्धा घडी घालून ठेवतो."

शास्त्रीबुवांचा हात उपरण्याकडे गेला आणि मनुका नाहीशी झाली. कुठे गेली ते मी सांगू शकतो, पण त्यांचा मान राखलेला बरा.

"कावळाच," ते म्हणाले. "चोचीच्या खुणा स्पष्ट आहेत."

"चोचीच्या?" आक्का म्हणाल्या. "अरे, हे दात आहेत."

"आक्का, शास्त्र कोण शिकलंय?"

मग त्यांनी निर्णय दिला. श्लोक होते, बरेच होते, आणि मला संस्कृत जेवढं कळतं त्यावरून त्यातला एक विहिरीबद्दल होता. पक्ष्याला जात नाही, म्हणून त्याने टाकलेल्या वस्तूचा दोष टाकणाऱ्याला नाही आणि करणाऱ्यालाही नाही. तरीही आक्कांच्या समाधानासाठी शंभर घागरी पाणी उपसून टाकावं, विहिरीत गंगाजल सोडावं, की झालं.

"टाकायचं कुठे?" माळ्याने विचारलं. "अंगणात तर नको."

आक्कांनी क्षणाचाही विलंब लावला नाही. ज्यांचा विटाळ त्यांच्याच अंगावर, असं म्हणून त्यांनी पन्हळीकडे बोट दाखवलं.

माळी दुपार टळेपर्यंत ओतत होता. मेथी वाहून गेली, भट्टीत पाणी शिरलं, माझा एक जोडा वांग्यांच्या वाफ्यात सापडला. आक्का काठावर उभ्या राहून घागरी मोजत होत्या आणि मध्येच चुकल्या, म्हणून पुन्हा पहिल्यापासून. माझी बायको पदर खोचून चिखलात उभी होती आणि फावड्याने सगळं पाणी मोगऱ्याकडे वळवत होती. ती पुटपुटत होती. या वेळी मी विचारलं नाही, पण पिठासाठी नव्हतं एवढं नक्की.

दुसऱ्या दिवशी वेदीवर मोगरा मावला नाही. सणासाठी गोव्याहून आलेल्या पाद्रीसाहेबांना वासाने तीन वेळा शिंका आल्या आणि प्रवचन त्यामुळे सोसवेल इतकं आखूड झालं. कप्तानसाहेब म्हणाले, फुलं बरी आहेत, पण टिकणार नाहीत. माझी बायको म्हणाली, "आज उठला, एवढ्यापुरती पुरे."

उपासकाळ संपला, आमच्या पावात पुन्हा अंडी पडू लागली. पुढच्या शनिवारी मी भट्टीशी गेलो तर तिने एक गोळा बाजूला वेगळा मळलेला होता, बिनअंड्याचा, आणि मनुका मात्र नेहमीपेक्षा जास्त. मी तो उचलायला हात पुढे केला तर तिने हातावर चापट मारली.

"तो राहू द्या. कावळ्याचा उपासकाळ अजून चालू आहे."