दोन ठोक्यांमधली टाळी

भाऊजींचा फोन आला तेव्हा मी पार्सिपनीच्या इंडियन ग्रोसरीत कोथिंबिरीच्या जुड्या उलटसुलट करून बघत होते. भाऊजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, स्वतःहून फोन करत नाहीत. काय सांगायचं ते ताईकरवी. "रोहन झोपेतच गेला. हार्ट," एवढंच म्हणाले. फोन ठेवायचा कसा ते दोघांनाही कळेना... गाण्याच्या कार्यक्रमासाठी फ्लोरिडाला गेलेला माझा भाचा, चाळिशीही न गाठलेला, आता परत येणार नव्हता. त्याला महिना होऊन गेला. अजून तो स्वप्नात येतो, पण नेहमी लहानच, आणि नेहमी टाळ्या वाजवताना.

त्या टाळ्यांचं सांगायलाच हवं. ताईकडे शनिवारी संध्याकाळी मारुतीची आरती असते. आसपासची मराठी घरं जमतात, प्रसादाच्या निमित्ताने जेवणंच होतात. भाऊजी तबला शिकलेले, त्यामुळे आरतीतही कोणी लय सोडलेली त्यांना खपत नाही. आणि त्यांच्याच पोराची टाळी सगळ्यांची वाजून गेल्यावर, मधल्या रिकाम्या जागेत पडायची. भाऊजी त्याची मनगटं धरून टाळी बसवून द्यायचे. "ठोक्यावर, रोहन, ठोक्यावर." हात सोडले की पोरगं पुन्हा आपल्या जागी. "बट बाबा, दॅट्स व्हेअर इट गोज," असं तो इतक्या गंभीरपणे म्हणायचा की आमची हसून मुरकुंडी वळायची.

कॉलेज संपवून तो आर्मीत गेला. ताई रडली, भाऊजींनी मात्र त्याचा गणवेशातला फोटो हॉलमध्ये असा लावला, की दार उघडताच दिसावा. बराकीत त्याच्या शेजारच्या खाटेवर जमैकात जन्मलेला एक जण होता. रविवारी बूट पॉलिश करताना तो छोट्या स्पीकरवर रेगे, म्हणजे त्यांच्याकडची गाणी, लावायचा. त्यावरून रोहनने मला केलेला फोन अजून कानात आहे. "मावशी, आय स्वेअर, या म्युझिकमध्ये सगळे माझ्यासारखी टाळी वाजवतात. गिटारसुद्धा तिथेच वाजते." मला त्यातलं काय कळणार? पण अनोळखी मुलखात कोणी आपल्या गावचा भेटावा, तसा तो बोलत होता.

आर्मीतली मुदत संपली तसा तो घरी आला आणि गायला लागला. आधी रेगे, मग त्यातूनच निघालेलं, नाचायच्या ठेक्याचं डान्सहॉल. तळघरातून येणाऱ्या बेसने ताईच्या फडताळातल्या वाट्या किणकिणायच्या. "युनिफॉर्म काढून हे?" भाऊजी एकदाच म्हणाले. हळूहळू रोहनचं नाव झालं, लोक तिकीट काढून यायला लागले, पण बाबांनी एकदा येऊन ऐकावं एवढंच त्याला हवं होतं, आणि भाऊजी काही जात नव्हते.

एका उन्हाळ्यात जवळच्याच पार्कमध्ये त्याचा कार्यक्रम होता. भाऊजींनी ताईला आणि मला ड्राइव्ह करून नेलं आणि स्वतः गाडीतच बसून राहिले. "इथे एसी आहे," म्हणाले. आम्ही गवतावर चादर अंथरली. ऊन उतरत होतं, बेसचा घुमारा जमिनीतून अंगात चढत होता, अनोळखी माणसं डोळे मिटून डुलत होती... मला वाटत राहिलं, ही आपली शनिवारची आरतीच आहे, फक्त आज सगळे रोहनच्या बाजूला आहेत. नंतर स्पीकर आवरता आवरता तो हळूच म्हणाला, "मावशी, बाबांच्या गाडीची काच खाली होती. आय सॉ इट फ्रॉम द स्टेज."

"मग जाऊन विचार की, कसं वाटलं."

"नको. लेट हिम टेक हिज टाइम."

वेळ आहे असं त्याला वाटलं. आम्हा सगळ्यांनाच वाटलं होतं.

गेल्या शनिवारी ताईकडे आरती पुन्हा सुरू झाली. सगळ्यांच्या टाळ्या एकसारख्या, अगदी ठोक्यावर. मधे मधे ती रिकामी जागा येत होती आणि मला ती सोसवेना. दुसऱ्या कडव्याला शेजारून एक टाळी आली, उशिरा, नेमकी मधे. वळून बघितलं तर भाऊजी डोळे मिटून उभे होते. पुढची टाळी सवयीने ठोक्यावरच पडली. त्यांनी हात थांबवले, जरा वाट पाहिली, आणि पुन्हा रोहनच्या जागी टाळी वाजवली.