मनूच्या हाताएवढी जागा

कुणी अंगात येण्याच्या, बाधेच्या गोष्टी सुरू केल्या की मी चहा टाकायला उठते. गणिताची शिक्षिका आहे मी. बडोद्यातल्या सुभानपुऱ्याच्या आमच्या घरात असलं काही कधी शिरलंच नाही. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय…

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमच्या ह्यांचा विषय भूशास्त्र. बडोद्याहून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, नर्मदेकडे, खडकांचं एक राखीव उद्यान आहे. एके काळी तिथे समुद्र होता. दगडात समुद्री किड्यांची बिळं, सरपटल्याच्या खुणा. “प्राणी गेला, वावर राहिला,” असं हे विद्यार्थ्यांना सांगत. खुणेचा फोटो काढताना आकार कळावा म्हणून शेजारी नाणं किंवा पेन ठेवतात. आमच्याकडे आमची लेक मनू हात ठेवायची, अगदी लहानपणापासून. ह्यांच्या फोटोंत तो हात मोठा होत गेलाय.

मनू कॉलेजात असताना काविळीने गेली. त्यानंतर ह्यांनी तिचं नाव घेणंच टाकलं. मी रडायला लागले की गॅलरीत जाऊन उभे राहायचे. मला भीती वाटायची, हा माणूस आतल्या आत संपेल. म्हणून मे महिन्यात हट्टाने व्हॅन ठरवली आणि ह्यांना तिथे नेलं.

भर दुपार. आसपास झाड नाही. ह्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि सवयीने म्हणाले, “मनू, हात ठेव.”

मग तसेच वाकून राहिले. मला बघवेना, म्हणून मीच हात टेकवला… दगड गार होता. माठाखालच्या फरशीसारखा. बोट जरा बाजूला नेलं तर चटका. माझ्या हातापेक्षा थोडी लहान, तेवढीच जागा गार. पाचही बोटं चाचपून कळत होती.

“अहो, इथे हात ठेवा.”

त्यांनी ठेवला. “पाणी सांडलं असेल,” म्हणाले. दगड कोरडा होता. “सावली…” म्हणून वर पाहिलं, आणि मग खाली बसून तिचं नाव घेत रडले. ऊन फार झालं म्हणून ड्रायव्हर लांबून हाका मारत होता, “बेन, चालो ने, तडको बहु छे.”

आम्ही आळीपाळीने हात ठेवत राहिलो. हळूहळू ती जागा कोमट झाली, मग भोवतीसारखीच तापली.

निघण्यापूर्वी ह्यांनी त्या जागेचा काढलेला फोटो धुऊन आला, त्यात नुसता दगड. ह्यांनी पुष्कळ पुस्तकं चाळली. कारण आजतागायत सापडलेलं नाही. आणि खरं सांगू, कारणाची मला फारशी पडलेलीही नाही. आम्ही तो हात इतका वेळ धरून ठेवला नसता, तर ती अजून थोडी थांबली असती का — एवढंच विचारायचं आहे. पण कुणाला विचारू?