गळा माझा, ओठ सूनबाईंचे

"आवाज तुझा, चेहरा सूनबाईचा. यात बिघडतं काय?" असं म्हणून अध्यक्षांनी मला स्टेजच्या पडद्यामागं बसवलं. प्लास्टिकची खुर्ची, हातात माइक, समोर मळकी कनात. कनातीच्या फटीतून स्टेज दिसायचं. सूनबाईंनी बंद माइक तोंडासमोर धरायचा आणि ओठ हलवायचे. बोलायचं मी.

अध्यक्ष म्हणजे आमच्या संस्थेचे मालकच म्हणा ना. राजूरच्या आसपासच्या गावांत ऐकू येणारं छोटं रेडिओ केंद्र त्यांच्या संस्थेचं. त्या माइकवर बसलेली पहिली बाई मी. बियाणं, बाजारभाव, बाळंतिणीची काळजी, सगळं बोलले. पण माझं खरं काम रक्ताचं. कुणाला रक्त लागलं की मी रेडिओवरून हाक घालायची. हसनाबादपासूनची पोरं हातातलं काम टाकून, गाड्या काढून जालन्याच्या दवाखान्यात पोचायची.

फक्त स्वतःचं नाव सांगायची मुभा नव्हती. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले यहुदी. आजोबा रेल्वेच्या नोकरीत जालन्याला आले आणि इथल्याच मातीत गेले. नातेवाईक एकेक करून इस्रायलला निघून गेले, आम्ही राहिलो. घरात मराठी, आडनावाला 'कर', पण नाव आमच्या धर्मग्रंथातलं. पहिल्याच दिवशी अध्यक्ष म्हणाले, "हे नाव नगं. लोक म्हणतील, ही कोण बया? नुसतं 'तुमची ताई' म्हण." मला माइक हवा होता. मी तुमची ताई झाले.

शनिवार आमचा शब्बाथ, विसाव्याचा दिवस. त्या दिवशी मी काम करत नाही. तर अध्यक्ष सगळ्यांसमोर विचारायचे, "काय बाई, मारुतीचा उपास का?" केंद्रातली माणसं खो खो हसायची. दर आठवड्याला तोच विनोद, आणि दर आठवड्याला हसू मात्र ताजं. मी हेडफोनची वायर गुंडाळत उभी राहायचे.

मग निवडणूक जवळ आली. सूनबाईंना पंचायत समितीला उभं करायचं ठरलं, आणि अध्यक्ष गावोगाव सांगत सुटले की, रेडिओवरची ताई म्हणजे आमची सूनबाईच. ताईला नावच नव्हतं. मग काय, कुणीही यावं आणि ताई व्हावं. रक्तदात्यांच्या सत्काराचा कार्यक्रम ठेवला, तोही मुद्दाम शनिवारी. मी आढेवेढे घेतले.

"जमत न्हाई तर उद्यापासून येऊ नको," ते म्हणाले. "माइक काय तुझ्या बापाचा हाय का?"

माइक बापाचा नव्हता. म्हणून गेले. आयुष्यात पहिल्यांदा शब्बाथ मोडून गेले.

मंडप खचाखच भरला होता. सूनबाईंचे ओठ हलायला लागले, मी बोलायला लागले. "माय-बापांनो, मी तुमची ताई." टाळ्यांचा कडकडाट. माझ्या शब्दांवर त्या मान डोलवून टाळ्या घेत होत्या, हात जोडत होत्या. माझ्या अंगाची आग आग झाली. तरी मी बोलत राहिले.

तेवढ्यात हसनाबादहून आलेली एक म्हातारी स्टेजवर चढली. लुगडं धुतलेलं, पण हात रोजंदारी करणाऱ्या बाईचे. सूनबाईंना म्हणाली, "ताई, तुमी हाक घातली म्हनून माह्या लेकीला रगत भेटलं. न्हाईतर बाळंतपणातच गेल्ती ती." आणि तिनं सूनबाईंच्या पायावर डोकं ठेवलं.

ती हाक मला आठवत होती. त्या दिवशी घसा बसेपर्यंत बोलले होते. अध्यक्षांचा एक माणूस माझ्यावर नजर ठेवायला शेजारीच बसला होता. तो कानाशी आला. "बोल ना जल्दी. म्हण, उठा आजी."

मी तोंड मिटलं.

सूनबाईंनी ओठ हलवले. आवाज नाही. पुन्हा हलवले. मागून कुणीतरी ओरडलं, "ओ ताई, आवाज यीना!" माइकवाला कनातीमागं माझ्या माइककडं बघून म्हणाला, "माइक चालू हाय बराबर!" घाबरून सूनबाई स्वतःच्याच आवाजात काहीतरी पुटपुटल्या. म्हातारी त्यांच्या पायाशीच होती. तिनं झटकन डोकं वर काढलं.

"ह्यो आवाज न्हाई," ती म्हणाली. "माह्या ताईचा आवाज ह्यो न्हाई!"

मी कनात बाजूला सारली आणि बाहेर आले. हातातल्या माइकवर माझं नाव सांगितलं. पूर्ण. बापाच्या नावासकट. मग म्हणाले, "आजी, हाक म्या घातल्ती. इतकी वर्षं मीच बोलून राह्यले."

म्हातारी माझ्याकडं आली. माझ्या तोंडावरून हात फिरवून तिनं कडाकडा बोटं मोडली. मंडपात गलका उठला. अध्यक्ष किंचाळले, "बंद कर तो माइक!" त्यांचं तोंड लालबुंद झालं होतं, फेट्याचं टोक खांद्यावर लोंबत होतं. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. लोक म्हणतात, सूनबाईंची काय चूक, सासऱ्यानं उभं केलं. असेल. पण त्या म्हातारीचं डोकं त्यांनी आपल्या पायावर टेकू दिलं. माझ्या मनात त्यांच्यासाठी दया नाही, आणि मी ती आणणारही नाही.

दुसऱ्या दिवशी रेडिओ केंद्राच्या माणसानं मला दारातूनच परत पाठवलं. पाठवू दे. हसनाबादच्या बायकांनी मला भोंगा लावलेली रिक्षा मिळवून दिली. आता मी गावोगावच्या बाजारात फिरते. शनिवार सोडून. आधी नाव सांगते, मग रक्तासाठी हाक घालते. माणसं अजूनही गाड्या काढतात. माझं नाव इथं मात्र लिहीत नाही. ते माझ्या तोंडून ऐकायचं.

प्रचार सुरू झाला आहे. सूनबाई ज्या गावात मत मागायला जाणार, तिथं माझी रिक्षा आधीच जाऊन आलेली असते. मतदानापर्यंत एकही गाव मी सोडणार नाही. त्यांच्याविरुद्ध एक वाकडा शब्द काढत नाही. भोंग्यावरून लोकांना एवढंच सांगते, "उद्या रेडिओवरल्या ताई येणार हायत. आल्या की म्हणा, जरा बोलून दाखवा."